नकाशावरचें युद्ध आणि पटावरचा खेळ

बुद्धिबळाच्या पटावर हत्ती सरळ चालतो, उंट तिरपा चालतो आणि घोडा अडीच घरांची उडी घेतो, हें घरांतील लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु हत्ती चिखलांत कां रुतत नाहीं, घोड्यास दाणावैरण कोठून मिळते, आणि राजाचा हुकूम प्याद्यापर्यंत पोहोंचण्यास किती वेळ लागतो, हे प्रश्न पटापाशीं बसलेला कोणीही विचारीत नाहीं. विचारले तर खेळच मोडेल. सातव्या शतकांत बाणभट्टानें हर्षचरितांत चतुरंगाचा उल्लेख केला, तेव्हां त्या नांवांत हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशीं सेनेचीं चारही अंगें होतीं. पण नांवापलीकडे रणांगणाचें फारसें कांहीं त्या पटावर उरलें नव्हतें. दोन्ही बाजू समबल, भूमि सपाट, शत्रूची प्रत्येक हालचाल डोळ्यांसमोर, आणि दैवाचा हात कोठेंही नाहीं. प्रत्यक्ष युद्धांत यांपैकीं एकही गोष्ट खरी नसते.

हें अंतर दोन प्रकारच्या माणसांस सलत आलें आहे. एकास वाटतें, खेळ इतका गोड आहे तर त्यांत थोडें खरें युद्ध आणावें. दुसऱ्यास वाटतें, युद्ध इतकें महाग आहे तर तें आधीं खेळून पाहावें. पहिल्यास रंजन हवें, दुसऱ्यास यथार्थता. युरोपांत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून युद्धाचे जे खेळ निघाले, त्यांचा इतिहास म्हणजे या दोघांच्या भांडणाचा इतिहास होय; आणि मौज अशी कीं, हे दोघे बहुधा एकाच माणसाच्या मनांत बसून भांडत आले आहेत.

पहिला नांवाजण्याजोगा प्रयत्न जर्मनींतील ब्रन्सविक येथें योहान ख्रिश्चन लुडविग हेलविग यानें केला. हा गणिताचा अध्यापक. ड्यूकच्या दरबारांतील किशोर सेवकांस तो शिकवीत असे. १७८० सालीं त्यानें आपल्या खेळाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच्या पटावर चौसष्टांऐवजीं १,६१७ घरें होतीं. सपाट जमीन पांढरी, पाणी निळें, दलदल हिरवी आणि डोंगर तांबडा अशी रंगांची योजना होती. मात्र सोंगट्यांच्या चाली त्यानें होतां होईल तों बुद्धिबळाच्या वळणावर ठेवल्या. बुद्धिबळ खेळणाऱ्यांस नवा खेळ परका वाटूं नये आणि पुस्तकाचा खप व्हावा, हा त्यांतील हेतु. हेलविगला दोष देण्याचें कारण नाहीं. पण चौकोनांतून वाहणाऱ्या नदीस प्रत्येक वळणावर काटकोन करावा लागतो, आणि असली नदी कोणत्याही सेनापतीनें ओलांडलेली नाहीं.

चौकोन पुसून टाकण्याचें धाडस केलें तें एका मुलकी अधिकाऱ्यानें. बॅरन गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइस्विट्स हा प्रशियाच्या राज्यांत ब्रेस्लाउ येथें नोकरीस होता. १८०६ सालीं येनाच्या रणांगणावर नेपोलियननें प्रशियाचा पुरता मोड केला होता, आणि आपलें सैन्य हरलें कां, या प्रश्नानें तेथील सुशिक्षितांस झोप येत नव्हती. राइस्विट्स वाळूच्या पेटींत डोंगर, दऱ्या व नद्या उभारून त्यांवर लाकडी ठोकळ्यांच्या पलटणी हलवी. ही वार्ता राजपुत्रांच्या कानीं गेली, त्यांच्याकडून राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याच्याकडे पोहोंचली, आणि खेळ पाहण्याची राजाज्ञा झाली. राजापुढें वाळूची पेटी कशी न्यावी, असा त्या सज्जनास संकोच पडला. म्हणून त्यानें सुमारें सहा फूट लांबीरुंदीचें एक उत्कृष्ट लाकडी मेज तयार करविलें. त्याच्या कप्प्यांत प्लास्टरच्या लाद्या बसविल्या. लाद्यांवर टेकड्या, रस्ते, गांवें व वनें उठावांत रंगविलीं. आणि फौजेसाठीं चिनी मातीच्या चिमुकल्या वड्या केल्या. लाद्या हव्या तशा मांडल्या म्हणजे दर वेळीं नवा मुलूख तयार. १८१२ सालीं हें मेज राजवाड्यांत दाखल झालें आणि राजकुटुंबाची त्यावर कित्येक संध्याकाळीं करमणूक झाली. तें मेज नष्ट झालें नाहीं; बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यांत तें जपून ठेवण्यांत आलें.

परंतु राजवाड्यांतील मेज कितीही देखणें असलें तरी छावणींत नेतां येत नाहीं. त्या बॅरनचा मुलगा गेओर्ग हाइनरिख हा तोफखान्यांत लेफ्टनंट होता. बापानें हौसेनें केलेल्या वस्तूकडे तो धंद्याच्या दृष्टीनें पाहूं लागला. त्यानें मेज बाजूला सारलें आणि त्या जागीं सैन्याचा खराखुरा नकाशा पसरला. प्रमाण १:८,०००, म्हणजे एक किलोमीटर अंतर कागदावर साडेबारा सेंटिमीटर. पलटणींसाठीं शिशाचे तांबडे व निळे ठोकळे केले, आणि त्यांची लांबीरुंदी अशी ठरविली कीं, खरी तुकडी रांगेंत उभी राहिली असतां जितकी जागा अडवील तितकीच जागा ठोकळा नकाशावर अडवील. अर्थात् अरुंद पुलावरून कितीजण एका वेळीं जातील, याचा वाद घालण्याचें कारणच उरलें नाहीं. ठोकळा मावला तर पलटण मावली.

१८२४ सालीं त्यानें आपले नियम छापून काढले. प्रत्येक पाळी म्हणजे युद्धांतील दोन मिनिटें. पायदळ दोन मिनिटांत जितकें चालेल तितकेंच चालणार. घोडदळ चौखूर धांवलें तर पुढच्या पाळ्यांत दमणार. खेळाडू ठोकळ्यांस हात लावीत नसत. ते लेखी हुकूम लिहून पंचाच्या हातीं देत, आणि पंच ते अमलांत आणी. जी पलटण दूर आहे तिला हुकूम पोहोंचावयास घोडेस्वारास जितका वेळ लागेल तितक्या पाळ्या जाव्या लागत. तोंपर्यंत ती जुन्याच हुकुमाप्रमाणें चालत राही, मग पुढें दरी असो कीं शत्रूचा तोफखाना असो. शत्रूची जी तुकडी डोंगराआड आहे ती नकाशावर मांडीतच नसत. ती दिसण्याजोगी झाली म्हणजे पंच ठोकळा ठेवी. मारामारीचा निकाल लावण्यास फासे होते, परंतु ते आंधळे फासे नव्हते. शार्नहोर्स्ट या सेनापतीनें बंदुकांच्या व तोफांच्या माऱ्याचे जे प्रयोग केले होते, त्यांच्या आंकड्यांवरून अंतराप्रमाणें हानि ठरविली होती. फाशानें ठरे तें एवढेंच कीं, आज नेम चांगला लागला कीं वाईट.

येथें थोडें थांबून पाहण्यासारखें आहे. लपलेला शत्रू, उशिरां पोहोंचणारा हुकूम आणि लहरी फासा हे तीन घटक राइस्विट्सनें यथार्थतेसाठीं आणले; सैनिक म्हणून त्यास ठाऊक होतें कीं युद्ध असेंच असतें. परंतु खेळाची सारी गोडीही याच तिघांत आहे. पलीकडे काय आहे हें ठाऊक नसतां पाऊल टाकण्यांत जी धडधड आहे, ती बुद्धिबळांत नाहीं. उलट हानीचीं कोष्टकें, प्रत्येक ठोकळ्याच्या मृतांची नोंदवही, आणि दोन मिनिटांच्या लढाईस लागणारा अर्धा तास हीही यथार्थतेचींच अपत्यें, आणि हीं मात्र खेळाडूच्या मानेवर बसलीं. तेव्हां खरेपणा वाढला कीं मौज कमी होते, हा जो सरधोपट हिशेब सांगितला जातो तो बरोबर नाहीं. खरेपणा निर्णयांत आला तर मौज वाढते. तो हिशेबांत आला तर घटते.

पूर्वीं मेजावर खेळलेला राजपुत्र विल्यम आतां सत्तावीस वर्षांचा झाला होता. त्यानें हा नवा खेळ पाहिला आणि सरसेनापतीच्या कार्यालयाचा प्रमुख जनरल म्युफ्लिंग याजकडे शिफारस केली. म्युफ्लिंगनें आरंभीं अगदीं कोरडेपणानें स्वागत केलें. पोरखेळ पाहावयास वेळ द्यावा लागत आहे, असा त्याचा भाव. डाव जसजसा पुढें सरकला तसतसा हा वृद्ध सेनानी खुर्चीच्या कडेला येऊन बसला, आणि अखेरीस उद्गारला कीं हा सामान्य अर्थानें खेळच नव्हे, ही युद्धाची शाळा आहे. सैनिकी साप्ताहिकांत त्यानें शिफारस छापली, आणि प्रत्येक रेजिमेंटनें एक एक संच घ्यावा असें राजाज्ञेनें ठरलें.

यशाचा हा कळस. आणि येथूनच उतार लागला. एका तरुण लेफ्टनंटनें केलेल्या नियमांनीं आपल्या डावपेंचांची परीक्षा व्हावी, हें ज्येष्ठ अधिकाऱ्यांस रुचेना. पुलावर अडकलेली पलटण कोणाची आहे हें ठोकळा पाहत नाहीं, आणि फाशास हुद्दा कळत नाहीं. १८२६ सालीं राइस्विट्सला कॅप्टन करून टोरगाउ येथें धाडण्यांत आलें. बढती होती, पण राजधानीपासून दूर. ती त्यास शिक्षेसारखी वाटली. १८२७ सालीं त्यानें आत्महत्या केली. त्याचे ठोकळे मात्र रेजिमेंटांच्या कपाटांत राहिले, आणि तरुण अधिकारी हिंवाळ्याच्या लांब रात्रीं ते बाहेर काढीत राहिले.

१८६६ त ऑस्ट्रियाचा आणि १८७०-७१ त फ्रान्सचा प्रशियानें पराभव केला; तोच राजपुत्र विल्यम जर्मनीचा सम्राट झाला; आणि सारें जग प्रशियाच्या यशाचें गमक शोधूं लागलें. आगगाड्या, क्रुप्पच्या तोफा आणि मोल्टकेचें शिस्तबद्ध कार्यालय हीं कारणें तर होतींच. पण नकाशावरचा खेळ हें कारण परदेशीयांस विशेष भावलें, कारण तें स्वस्त होतें. इंग्रज सैन्यासाठीं १८७२ सालीं नियम तयार केले ते कॅप्टन एव्हलिन बेअरिंग यानें. त्याच वर्षीं तो आपला चुलतबंधु व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक याचा खासगी चिटणीस म्हणून हिंदुस्थानांत आला, आणि पुढें इजिप्तमध्यें लॉर्ड क्रोमर म्हणून गाजला.

इकडे जर्मनींत कोष्टकांविरुद्ध बंड उठलें होतें. याकोब मेकेल या अधिकाऱ्यानें १८७३ त लिहिलें कीं, नियमांच्या जंजाळांत पंच गुलाम होतो आणि खेळ रखडतो. १८७६ त जनरल फेर्डी दु व्हेर्नुआ यानें फासे व कोष्टकें हीं दोन्हीं रजेवर पाठविलीं. अनुभवी पंचानें आपल्या बुद्धीनें निकाल द्यावा, एवढाच नियम ठेवला. डाव लगेच भरधांव चालूं लागला. पण त्याबरोबर एक धोकाही आंत शिरला. फाशाशीं वाद घालतां येत नाहीं. पंचाशीं घालतां येतो, आणि पंच हाताखालचा असेल तर तो वाद जिंकतांही येतो.

हाच मेकेल १८८५ त जपानी अधिकाऱ्यांस शिकविण्यासाठीं टोकियोस गेला, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. १९४२ च्या मे महिन्याच्या आरंभीं यामाटो या प्रचंड युद्धनौकेवर जपानी आरमारानें मिडवे बेटावरील नियोजित स्वारी मेजावर खेळून पाहिली. अध्यक्ष होता रिअर ॲडमिरल उगाकी. बेटावरील अमेरिकन विमानांनीं जपानी जहाजांवर हल्ला केला असा प्रसंग आला, फासे पडले, नऊ बाँब लागले असा निकाल निघाला, आणि आकागी व कागा हीं दोन विमानवाहू जहाजें बुडालेलीं ठरलीं. उगाकीनें निकाल फिरविला. नवांचे तीन केले, एकटें कागा बुडालें असें ठरविलें, आणि पुढच्या मोहिमेच्या खेळांत तें बुडालेलें कागाही पुन्हां तरंगूं लागलें. ४ जून रोजीं खऱ्या समुद्रावर आकागी, कागा, सोर्यु व हिर्यु या चारही जहाजांवर मरणघाव बसले.

ही कथा फार सांगितली जाते, आणि ती इतकी नीटस आहे कीं तिजकडे जरा संशयानें पाहिलें पाहिजे. प्रत्यक्षांत बेटावरून उडालेल्या विमानांचा एकही बाँब जपानी विमानवाहू जहाजांस लागला नाहीं. घात केला तो अमेरिकन विमानवाहू जहाजांवरून आलेल्या सूर मारणाऱ्या बाँबफेक्यांनीं. म्हणजे नऊ बाँबांचा आंकडा फार झाला, हें उगाकीचें म्हणणें त्यापुरतें खरेंच होतें. चूक निराळीच होती. फाशानें दाखविलेली शक्यता पाहून, असें झालेंच तर काय करावें, हा प्रश्न त्या मेजाभोवतीं कोणीं लावून धरला नाहीं. डाव ठरलेल्या शेवटाकडे नेण्याची घाई होती.

त्याच वर्षीं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, लिव्हरपूल येथील डर्बी हाउसच्या वरच्या मजल्यावर, अगदीं उलट प्रकार चालला होता. क्षयामुळें आरमारांतून निवृत्त झालेला कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यास १९४२ च्या जानेवारींत पुन्हां कामावर बोलावून एक खोली आणि कांहीं तरुण मुली देण्यांत आल्या. या मुली आरमाराच्या स्त्रीदलांतील. बहुतेकींनीं समुद्रावर पाऊलही टाकलें नव्हतें. जमिनीवर खडूनें समुद्र आंखला. काफिल्याचें रक्षण करणारा अधिकारी कापडी पडद्याआड बसे आणि लहानशा फटींतून, खऱ्या जहाजावरून रात्रीं जेवढें दिसेल तेवढेंच पाही. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूनें काढीत. तपकिरी जमिनीवरचा तो हिरवा रंग पडद्याआडून दिसत नसे. पाळी दोन मिनिटांची, थेट राइस्विट्सची.

जर्मन पाणबुड्या काफिल्याच्या बाहेरून मारा करतात, असा सर्वांचा समज होता. जहाजें कोठें व कशीं बुडालीं याचे अहवाल जमिनीवर मांडून पाहतां रॉबर्ट्सला तो हिशेब जुळेना. पाणबुडी रात्रीं पृष्ठभागावरून काफिल्याच्या रांगांत शिरते, जवळून मारते आणि मग बुडी घेऊन सारा काफिला डोक्यावरून जाऊं देते, असें धरलें तेव्हांच तो जुळला. त्यावरून जो प्रतिडाव रचला त्यास त्या मुलींपैकीं एकीनें ‘रास्पबेरी’ असें वेडावणारें नांव दिलें. पुढें ॲडमिरल मॅक्स हॉर्टन, जो पहिल्या महायुद्धांतील नामांकित पाणबुडीवाला, तो स्वतः पाणबुडी होऊन खेळावयास बसला. पांच वेळां खेळला आणि पांचही वेळां जॅनेट ओकेल या तरुणीनें त्यास बुडविलें, असें सांगतात. ॲडमिरलनें निकाल फिरविला नाहीं. युद्ध संपेपर्यंत सुमारें ५,००० अधिकारी त्या खडूच्या समुद्रावरून गेले. अटलांटिकचें युद्ध या खोलीनें जिंकलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. रडार, लांब पल्ल्याचीं विमानें आणि सांकेतिक संदेशांचा उलगडा यांचा वांटा मोठा आहे. पण त्या वरच्या मजल्याचा वांटाही कोणीं नाकारलेला नाहीं.

हें झालें गणवेशवाल्यांचें. ज्यांस कोणतीही लढाई लढावयाची नव्हती त्यांचेंही थोडें सांगितलें पाहिजे. १८८१-८२ च्या सुमारास दाव्होस येथें आजारी असलेला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आपल्या सावत्र मुलाबरोबर शिशाच्या शिपायांचीं लांबलचक युद्धें खेळत असे. १९१३ सालीं एच्. जी. वेल्स यानें ‘लिटल वॉर्स’ हें छोटें पुस्तक लिहिलें. त्यांत फासे नाहींत आणि पंचही नाहीं. खेळण्यांतील स्प्रिंगची तोफ लाकडी गोळी फेंकते. जो शिपाई पडला तो मेला. निकालाविषयीं वाद होण्यास जागाच नाहीं. घड्याळ लावून चाली कराव्या लागत, म्हणून घाई, गोंधळ आणि विसरलेल्या तुकड्या हा सारा रणांगणाचा मसाला आपोआप येई. सैनिकांचा खेळ फार रुक्ष असतो असें वेल्सचें मत होतें, आणि त्याच्या दिवाणखान्यांतील जमिनीवर बसून पाहिलें तर तें कोणासही पटलें असतें. वर्षभरांतच खरें महायुद्ध पेटलें.

दिवाणखान्यांतील खेळ आणि छावणींतील खेळ यांची पुन्हां गांठ पडली ती अमेरिकेंत. सैन्यांत अधिकारपद मिळण्याची वाट पाहणाऱ्या चार्ल्स रॉबर्ट्स या तरुणानें (लिव्हरपूलच्या रॉबर्ट्सशीं याचा संबंध नाहीं) सरावासाठीं एक पट तयार केला आणि १९५४ त ‘टॅक्टिक्स’ या नांवानें विकावयास काढला. १९५८ त त्याच्या ॲव्हलॉन हिल कंपनीनें ‘गेटिसबर्ग’ आणला. पहिल्या खेळांतील देश काल्पनिक होते. या खेळांत १८६३ च्या जुलैमधील खरी लढाई होती, खऱ्या तुकड्या होत्या, आणि त्या ज्या रस्त्यानें व ज्या वेळीं रणांगणावर आल्या त्याच रस्त्यानें व त्याच वेळीं पटावर येत. पुढची चाल खेळाडूची. इतिहासानें पात्रें आणि प्रवेश ठरवावे, संवाद मात्र खेळाडूनें बोलावे, अशी ही वांटणी होती. आणि अनेक रचनाकारांनीं तीच उचलली.

अडचण उरली ती विषमतेची. इतिहासांत एक पक्ष बहुधा दुसऱ्याहून बलवान् असतो, आणि हरण्यासाठीं कोणी तीन तास पटापाशीं बसत नाहीं. यावर निघालेला उपाय साधा आणि, न्यायाच्या दृष्टीनें पाहिलें तर, सुंदर आहे. दुर्बळ पक्षानें जिंकावयाचें म्हणजे शत्रूस नेस्तनाबूद करावयाचें असें नाहीं. प्रत्यक्ष सेनापतीनें जितके दिवस ठाणें झुंजविलें त्याहून एक दिवस अधिक झुंजविलें, तरी डाव त्याचा. तोफा, माणसें व रस्ते खरे ठेवावे आणि यशाचें माप बदलावें, हें रचनाकारांस उमगलें.

सर्वांस मात्र नाहीं. १९७९ सालीं न्यूयॉर्कच्या एस्. पी. आय्. या कंपनीनें उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेवर रिचर्ड बर्ग याचा एक खेळ काढला. खेळाडू दहा, तो संपविण्यास सुमारें १,५०० तास लागतील असा अंदाज, विमानागणिक वैमानिकाची आणि तुकडीगणिक पाण्याची नोंद. त्यांत एक नियम असा कीं, इटालियन पलटणींस शेवया शिजविण्यासाठीं पाणी जास्त द्यावें. तो नियम थट्टेनें घातला असें बर्गनें पुढें सांगितलें. पण हजार नियमांच्या रांगेंत तो इतका शोभला कीं पुष्कळांस ती थट्टा कळलीच नाहीं.

त्याच वाळवंटांत तोब्रुक आहे. २१ जून १९४२ रोजीं तें रोमेलच्या हातीं पडलें आणि सुमारें ३३,००० सैनिक कैद झाले. त्यांत ११ व्या हिंदी ब्रिगेडबरोबर असलेली मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन होती. जिचें केंद्र बेळगांवास, त्याच रेजिमेंटची. अशा खेळांत बटालियन म्हणजे अर्ध्या इंचाची पुठ्ठ्याची चकती, तीवर दोन आंकडे: एक बळाचा, दुसरा चालीचा. तोब्रुक पडलें कीं ती उचलून पेटींत ठेवावयाची. सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरीकडच्या घरांतून मात्र तीन वर्षें पत्रांची वाट पाहिली गेली. चकतीवर तेवढें लिहिण्यास जागा नसते, आणि तोब्रुक पडूं न देण्याची एक पाळी दर डावास खेळाडूच्या हातीं असते.